लक्षात राहिलेला चीजबर्गर: कुठे खाल्लात आणि काय लक्षात राहिलं?

पोफळीची_बाग
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. तीन खोल्या, मागे बाग, पुढे खाडी. पाहुणे येतात ते मोदक, घावन, सुरमई आणि सोलकढीसाठी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, चीजबर्गर येतो का हो तुम्हाला?"

घरात लादीपाव होता, चिकनचा खिमा होता, फ्रीजमध्ये चीजच्या स्लाइस होत्या. करून दिला. पोरीने आनंदाने खाल्ला, पण माझं समाधान झालं नाही. पॅटीत सवयीने आलं-लसूण, गरम मसाला, कोथिंबीर पडली, त्यामुळे तो कबाब-पाव झाला. चीज वर तसंच थंड, चौकोनी पडून राहिलं. आणि पाव खालून भिजून हातात आला.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. माझं मत असं की चीजबर्गरचा सगळा जीव चीज पॅटीवर वितळून बसण्यात आहे आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. तुम्ही देशात, परदेशात, हायवेवर, कुठेही खाल्लेला असा एखादा चीजबर्गर आहे का जो आजही आठवतो? नुसतं "मस्त होता" लिहू नका. काय आठवतं ते लिहा. मला शिकायचंय.

चाकरमानी_लांजा
माझा वांद्र्याचा. १९९६ साली मॅकडोनल्ड्स भारतात आलं, आधी दिल्लीत, मग मुंबईत वांद्र्याला. मी तेव्हा बारावीत. थोरल्या भावाला पहिला पगार झाला तेव्हा तो मला लालबागहून बसने घेऊन गेला. रांग फुटपाथवर आली होती. महाराजा मॅक घेतला. तेव्हा त्यात मटणाच्या दोन पॅटी असायच्या, चिकनची आवृत्ती नंतर आली. आम्ही दोघांत एकच घेतला होता. कागदाला चिकटलेलं चीज भावाने बोटाने काढून मला दिलं, ते आठवतं. चव आता सांगता येणार नाही. भाऊ आता नाही.

तिरफळ
गे बाय, पावण्यांका बांगड्याचा तिखला घाल. चीज कित्याक होया? माका तरी बंदरावरच्या गाड्यावरचो वडापावच बरो वाटता. पण तुझो प्रश्न प्रामाणिक आसा म्हणून वाचतंय.

पोफळीची_बाग
@तिरफळ, तिखलं तर रोजच असतं हो. पण लहान मूल परक्या घरी येऊन धीर करून काही मागतं, तेव्हा "ते आमच्याकडे नाही" म्हणायला जीव होत नाही.

@चाकरमानी_लांजा, वाचून डोळे भरले.

हातखंबा_तिठा
मी महिन्यातून चार वेळा मुंबई-रत्नागिरी गाडी चालवतो. आता हायवेवर जागोजागी बर्गरचे फलक लागलेत. माणगावच्या अलीकडे एका ठिकाणी रात्री अकराला चीजबर्गर मागवला. वरचा पाव उचलला तर स्लाइसचा प्लॅस्टिकचा कागद अर्धा तसाच! पोराला दाखवला, त्याने कागद ओढून काढला आणि तोच बर्गर परत समोर ठेवला. ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. स्लाइस गरम पॅटीवर घातलेलीच नसते, पाव झाकायच्या आधी शेवटी ठेवतात. वितळणार कधी?

पण चांगलाही सांगतो. मांडव्याच्या जेट्टीजवळ एका छोट्या जागी खाल्ला होता. रो-रो बोटीसाठी गाडी रांगेत लावलेली, पाऊण तास हाताशी. त्या बाईंनी पॅटी तव्यावर असतानाच चीज घातलं, कडेला चमचाभर पाणी सोडलं आणि वर वाटी पालथी घातली. अर्ध्या मिनिटात वाटी काढली तर चीज पॅटीच्या कडेवरून खाली ओघळलेलं. बोटीच्या नादात मी नाव विचारायला विसरलो.

सातासमुद्रापार
मूळ राजापूरचा, अठरा वर्षं अमेरिकेत आहे. तिकडची पॅटी बीफची असते, ज्यांना चालत नाही त्यांनी फक्त पद्धत घ्यावी.

माझ्या लक्षात राहिलेला चीजबर्गर ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनो गावचा. छोटं गाव, पण कांद्याच्या बर्गरसाठी प्रसिद्ध. १९३०च्या दशकातल्या मोठ्या मंदीच्या काळात मांस महाग झालं तेव्हा त्यात कांदा भरून ते पुरवायची युक्ती तिथे निघाली, असं सांगतात. काउंटरवर बसलं की सगळं डोळ्यांसमोर होतं. खिम्याचा गोळा तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पडतो. त्यावर कागदासारख्या पातळ कापलेल्या कांद्याचा हा एवढा ढीग. मग तो माणूस उलथण्याच्या पाठीने सगळा भार देऊन गोळा दाबतो. कांदा मांसात रुततो. दोनेक मिनिटांनी उलथण्याच्या धारेने खरवडून पॅटी उलटतो, तेव्हा कांदा खाली जातो आणि मांसाच्या चरबीतच परततो. वर चीज, त्यावर पावाचे दोन्ही भाग. म्हणजे कांद्याची वाफ चीजमधून वर जाऊन पावात शिरते. पहिल्या घासाला मला आठवली ती आईची सुक्या जवळ्यातली कांद्याची परतण. चव वेगळी, पण कांदा कडेने करपल्याचा तो गोडसर वास अगदी तोच.

अवांतर: चीजबर्गर पहिला कोणी केला यावर तिकडे बरेच दावे आहेत. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचे लोक म्हणतात, १९२०च्या दशकात आमच्या गावातल्या एका पोराने हॅम्बर्गरवर चीज टाकून बघितलं. डेन्वरच्या एका उपाहारगृहवाल्याने १९३५ साली त्या नावाचा ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न केला होता. डेन्वरला त्याचा दगड बसवलेला आहे, मी पाहिलाय.

अलिबागचा_पांढरा_कांदा
@सातासमुद्रापार, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आमच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, वेणी घरात टांगलेली आहेच. आज दुपारी केला. चिकनचा खिमा, बिडाचा तवा, तीन कांदे अगदी पातळ.

निष्कर्ष: आमचा कांदा मुळात गोड आणि पाणीदार. तव्यावर पाणी सुटलं आणि पॅटी भाजायच्या ऐवजी शिजली. दुसऱ्या वेळी कांदा कापून मीठ न लावता फडक्यात घट्ट पिळला, मग जमलं. पण कच्चा ठेवला तेव्हा सगळ्यात चांगला लागला. वितळलेल्या चीजखाली कच्च्या पांढऱ्या कांद्याची एक जाड चकती. तिखटपणा नाही, कुरकुरीत, आणि चीजचा खारटपणा लगेच तुटतो.

सोलकढीप्रेमी
+१. वाचनखूण साठवली.

वसईची_भट्टी
पावाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आमची तीन पिढ्यांची बेकरी.

लादीपाव आणि बर्गरचा बन यांची जात वेगळी. लादीपावात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि नावाला साखर. हलका, पोकळ, रस ओढून घेणारा. तो मिसळीसाठी, खिम्यासाठी, रश्श्यासाठी जन्माला आलाय. त्याचा गुणच भिजणं हा आहे, त्यामुळे ताई, तुमच्या पावाने त्याचं काम केलं. बनमध्ये दूध, लोणी, कधी अंडं असतं. स्निग्धांशामुळे जाळी बारीक आणि मऊ होते, रस पटकन खाली उतरत नाही.

बन मिळत नसेल तर दोन गोष्टी करा. पाव आदल्या दिवशीचा घ्या, ताजा नको. आणि आतल्या दोन्ही बाजूंना लोणी लावून तव्यावर दाबून चांगला तांबूस होईपर्यंत भाजा. ती भाजलेली पापडी रस अडवते. नुसता गरम केलेला पाव अडवत नाही. गोव्याच्या बाजूला असाल तर उंडो घ्या, त्याची साल जाड असते.

माझा स्वतःचा आठवणीतला चीजबर्गर आमच्याच भट्टीतला. नाताळाच्या आदल्या रात्री केक भाजून झाले की भट्टी निवत जाते. वडील त्या उतरत्या आचेत पत्र्यावर पाव, खिमा आणि वर किसलेलं चीज ठेवायचे. पहाटे तीनला कामगार, आम्ही पोरं, सगळे पिठाच्या टेबलाभोवती उभ्याने खायचो.

आंबोळी
वेंगुर्ल्याहून. चिकन, मटण सगळं झालं, पण किनाऱ्यावर राहून माशाचा बर्गर कोणी करत नाही का? मी सुरमईची जाड तुकडी रव्यात घोळवून करते, वर चीज. मुलं वेडी होतात.

खडीसाखर
@आंबोळी, मासे आणि दुधाचं एकत्र? आमच्याकडे आजी माशाच्या जेवणावर ताकसुद्धा घेऊ द्यायची नाही. विरुद्ध आहार आहे तो. चीज म्हणजे दूधच.

आंबोळी
@खडीसाखर, आजीबद्दल आदर आहे, माझीही तसंच म्हणायची. पण मॅकडोनल्ड्सचा माशाचा बर्गर १९६२ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत निघाला. तिथले कॅथलिक लोक तेव्हा शुक्रवारी मांस खात नसत, म्हणून एका दुकानदाराने काढला. त्यात चीज असतं. इतकी वर्षं लोक खातायत.

खडीसाखर
ते खातात म्हणून ते बरोबर असं कसं? मी माझ्या घरात करणार नाही. आणि अंगाला काय होतं ते बाजूला ठेवलं तरी चवीलाही पटत नाही. ताज्या सुरमईला चीजची गरजच काय? चीजने तिची चव झाकली जाते.

आंबोळी
चवीचं म्हणत असाल तर अर्ध मान्य. पूर्ण स्लाइस घातली तर मासा हरवतो. त्या सिनसिनाटीच्या बर्गरमध्येही स्लाइस अर्धीच असते. मी आता अर्धी घालून बघते. आणि चटणीऐवजी कैरीचा किस.

प्रशासक
कोणी काय खावं आणि काय खाऊ नये यावर वेगळा धागा आहे. इथे आठवणी आणि पद्धती येऊ द्या.

दर्यावर्दी
चौतीस वर्षं जहाजावर काढली, आता हर्णैला घरी आहे. आम्ही हलालच खातो, त्यामुळे बंदरात उतरलं की आधी ते शोधावं लागायचं. केपटाउनला प्रश्न नसायचा. तिथे आपल्या कोकणी मुसलमानांची शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्ती आहे. माझ्या चुलतमामांचं घर तिथेच. मुलं इंग्रजी बोलतात, पण घरातली म्हातारी माणसं अजून "कवा इलास?" विचारतात.

मामीने घरी चीजबर्गर केला होता. सोबत कोकमाची चटणी! कोकम गावाहून गेलेले, वर्षभर पुरवून वापरलेले. भिजवून, वाटून, थोडा गूळ, भाजलेलं जिरं. मी महिनाभर जहाजावरचं खाऊन आलेलो. चीजचा जाडसर, खारट, लोण्यासारखा घास आणि त्यातून एकदम कोकमाचा आंबट चटका. मी मामीला म्हटलं, अगं हे टोमॅटो सॉसपेक्षा किती बरं! ती म्हणाली, इथे टोमॅटो स्वस्त आहे रे, कोकम पाहुण्यासाठी काढलं.

चाकरमानी_लांजा
@दर्यावर्दी चाचा, कोकमाची चटणी करून बघणारच. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चालेल का?

दर्यावर्दी
आगळ पातळ पडतं बाळा आणि खारट. अमसूल भिजवून वाट.

कुयरी
शाकाहारी लोकांनी काय करायचं ते मी सांगते. बाहेर व्हेज चीजबर्गर मागितला की बटाट्याची टिक्की येते. बटाटा मऊ, पाव मऊ, चीज मऊ, दाताला काही लागतच नाही. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात कोवळा फणस, म्हणजे कुयरी, असतेच. चकत्या करून वाफवायच्या, हाताने ठेचून रेषा मोकळ्या करायच्या, त्यात भाजलेलं बेसन, मीठ, मिरी, बास. जास्त मसाला नको. जाडसर थापून बिडाच्या तव्यावर दोन्हीकडून करकरीत. कुयरीला धागा असतो, त्यामुळे चावताना काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा मी वर पनीर घातलं होतं, ते ढिम्म वितळलं नाही. का ते कोणी सांगेल का?

विरजण
@कुयरी, मी डेअरीत काम केलंय, सांगतो.

पनीर गरम दुधात लिंबू किंवा आम्ल घालून फाडतात. आम्लामुळे दुधातल्या प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम निघून जातं आणि प्रथिनं घट्ट गोळा होतात. मग ताप दिला तरी तो गोळा सैल होत नाही, तव्यावर तांबूस होतो आणि कोरडा पडतो. रेनेटने (दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने) लावलेल्या चीजमध्ये कॅल्शियम राहतं, ती जाळी तापली की सैल होते, म्हणून ते वितळतं. पण जुनं मुरलेलं चीज जास्त तापवलं तर तूप वेगळं आणि गोळा वेगळा होतो.

आपल्याकडचं स्लाइसचं चीज प्रोसेस्ड. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटची मिठं घालून ते पुन्हा शिजवलेलं असतं. ही मिठं थोडं कॅल्शियम ओढून घेतात, प्रथिनं तुपाच्या थेंबांना धरून ठेवतात, म्हणून ते न फुटता एकसारखं, चकचकीत वितळतं. अमेरिकेत क्राफ्टने १९१६ साली प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. पुष्कळ लोक प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडतात, पण बर्गरवर तेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. दोन अटी: फ्रीजमधून पंधरा मिनिटं आधी काढा आणि वरून ताप मिळू द्या. खालून पॅटीची ऊब एकटी पुरत नाही.

खिम्यालाही एक सूचना. मीठ आत कालवू नका. मीठ कालवून मळलं की मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात, पॅटी कबाबासारखी घट्ट होते. थापून झाल्यावर, तव्यावर टाकायच्या क्षणी वरून मीठ.

सुपारीचा_आगर
"वरून ताप" वाचलं आणि लिहायला बसले. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारभर घरातल्या सगळ्यांनी माजघराची दोन्ही दारं अंगाने दाबून धरली होती. संध्याकाळी बाहेर आलो तर आगरात उभं असं झाडच दिसेना. पोफळी एकावर एक आडव्या, माड मधोमध पिळवटलेले. सासरे पायरीवर बसले ते रात्रीपर्यंत उठले नाहीत. वीज गेली ती आमच्याकडे महिनाभर आली नाही.

लॉकडाऊनमुळे माझा धाकटा दीर मुंबईहून आलेला होता, हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. तिसऱ्या दिवशी तो फ्रीज उघडून म्हणाला, वहिनी, यातलं आज संपवायला हवं. लोणी, चीजचं अख्खं पाकीट, अंडी. चिकन शेजारच्यांच्या कोंबड्यांचं, झाड पडून खुराडं मोडलं होतं म्हणून त्यांनी कापल्या. पाव कुठून मिळणार असं वाटत होतं, पण खालच्या आळीतल्या बेकरीची भट्टी लाकडावरची, आणि लाकूड तर गावभर पडलेलं. त्यांनी हाताने कणीक मळून त्या दिवशी पाव काढला होता.

दिराने पाट्यावर चिकन जाडसर ठेचलं. चुलीवर बिडाचा तवा. पॅटी उलटली, वर चीज ठेवलं, आणि चीज काही केल्या विरघळेना, चूल उघड्यावर, वारा अजून होता. तेव्हा सासूबाई आतून धोंडसाचं झाकण घेऊन आल्या. काकडीचं धोंडस, आपला गावठी केक, करतो ना, खाली निखारे, वर झाकणात निखारे, तेच. झाकणात चुलीतले चार निखारे चिमट्याने ठेवले आणि तव्यावर ठेवलं. मिनिटभरात उचललं तर चीज हलत होतं, कडा तांबूस, थोडे फोड आलेले.

बावीस माणसं होतो, आम्ही आणि आजूबाजूची तीन घरं. सासऱ्यांनी आयुष्यात चीज खाल्लं नव्हतं. हातात घेऊन फिरवून बघितलं, खाल्ला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले, "आणखी आहे का?" त्यानंतर मी पुण्या-मुंबईत पुष्कळ ठिकाणी खाल्लाय. सांगण्यासारखा हाच.

हातखंबा_तिठा
काय लिहिलंयत ताई. आगर पुन्हा उभा राहिला का?

सुपारीचा_आगर
लावलाय. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. आता कुठे पहिले शिंपुटे दिसायला लागलेत.

तिरफळ
माझा म्हणणा मागे घेतंय. चीजबर्गर करा.

पोफळीची_बाग
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस धागा वाचत होते, काल करून पाहिला. घरी नणंद आणि तिची मुलं आलीयत.

चिकनच्या मांडीचा खिमा, जाडसर, आत काहीही नाही. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, गोळा टाकून वाटीच्या बुडाने दाबला, मीठ-मिरी वरून. खालून खरवडून उलटला तेव्हा कधी नव्हे तो काळसर तांबूस पापुद्रा आला. कालचा पाव लोण्यावर भाजून. चीज पंधरा मिनिटं बाहेर. पहिला चमचाभर पाण्यावर वाटी पालथी घालून केला, तो चांगला झाला, चीज मऊ ओघळलं. दुसऱ्याला धोंडसाचं झाकण आणि निखारे. तो त्याहून चांगला. धुराचा किंचित वास चीजला लागतो आणि ते गॅसवर होत नाही. कोकमाची चटणी अमसूल वाटूनच केली. पांढरा कांदा मिळाला नाही, घरचा लाल बारीक चिरून घातला, तो जरा उग्र वाटला.

खाली पाव कोरडा राहिला. @वसईची_भट्टी, तुमची पापडी कामाला आली.

त्या पुण्याच्या मुलीच्या आईचा नंबर वहीत होता. रात्री फोटो पाठवला. उत्तर आलं, "मे महिन्यात येतोय, तीन दिवस. ती विचारतेय, दोन मिळतील का?"

अलिबागचा_पांढरा_कांदा
@पोफळीची_बाग, मे म्हणजे आमचा कांदा वेणीला आलेला असेल. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, एक वेणी गाडीवाल्याबरोबर पाठवतो.

हातखंबा_तिठा
गाडीवाला मीच. चिपळूणपर्यंत आणतो, पुढचं बघू.